पाच तारखेच्या आत

पोस्टाच्या काकूंचं खरं नाव मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘पोस्टाच्या काकू’च म्हणत. गेटवरचा वॉचमन रजिस्टरमध्येही तेच लिहायचा आणि त्यापुढे काकू झोकात सही ठोकायच्या. आमचा पगार सात तारखेला. आठला सकाळी दहाच्या सुमारास काकू एसटीतून उतरून चालत यायच्या. खांद्याला खाकी कापडाची पिशवी. तिच्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा, डब्यात शाईचं पॅड, डिंकाची बाटली, टाचण्या, कार्बन पेपर आणि रबरानं बांधलेले आरडीच्या कार्डांचे गठ्ठे.

नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो अकाली गेला. पदरात दोन मुलं. मग कुणीतरी सुचवलं आणि काकूंनी पोस्टाची एजन्सी घेतली. ‘महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना’ हे तिचं सरकारी नाव. बायकांनीच चालवायची, घरोघर आणि कचेऱ्यांतून फिरून आरडीचे हप्ते गोळा करून पोस्टात भरायचे. पुढे त्यांनी एनएससी आणि पीपीएफची एजन्सीही काढली. माहेर राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे बोलणं तुटक आणि नाकात. गोड बोलून पैसे काढून घेणं त्यांना जमायचं नाही. हप्ता दिला की त्या कार्डावर सही करायच्या आणि कार्ड आपल्या हातात देऊन म्हणायच्या, “वाचा. रक्कम बरोबर आहे का बघा. सहीशिवाय मला एक पैसा द्यायचा नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा पासबुक मागायचं माझ्याकडून. मी विसरले तरी तुम्ही विसरू नका.” ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका’ असं गिऱ्हाइकाला बजावणारा एजंट मी त्यानंतर पाहिला नाही.

मी त्या कारखान्यात स्टोअर्समध्ये क्लार्क होतो. वय सव्वीस. गाव कोरेगाव तालुक्यातलं, राहायला साताऱ्यात मामाकडे.

१९९९ चा मार्च. रामनवमी नुकतीच झाली होती. अकाउंट्समधल्या साहेबांनी मला बोलावून एक चिठ्ठी हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘कर ३,२००’. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नावापुढे कर हा शब्द लागला होता. मला आधी थोडा अभिमान वाटला आणि मग घाम फुटला. मार्चच्या पगारातून ३,२०० गेले तर एप्रिल कसा काढायचा? शेजारच्या टेबलावरचे एक जाणते सहकारी म्हणाले, “घाबरतोस काय? कलम ८८. गुंतवशील त्याच्या वीस टक्के करातून माफ. ३,२०० माफ करून घ्यायचे तर १६,००० गुंतव. सरळ गणित आहे.” गणित सरळ होतं, पण १६,००० कुठून आणायचे? त्यावरही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. पतपेढी. कर्ज शेकडा १५ ने, दोन जामीन, दोन दिवसांत पैसे हातात. एक जामीन ते स्वतः राहायला तयार होते.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना निरोप धाडला की १६,००० ची एनएससी घ्यायची आहे, फॉर्म घेऊन या. मार्चअखेरीस एवढं एकरकमी गिऱ्हाईक म्हणजे एजंटाची दिवाळी. काकू आल्या. पण डबा न उघडताच त्यांनी विचारलं, “पैसे कुठले?”

“पतपेढीचे.”

“हिशोब मांडलायस?”

मी चिठ्ठी पुढे केली. काकूंनी ती उलटी करून पाठकोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. त्या दिवशीचं ते पान आजही डोळ्यांपुढे लख्ख आहे, कारण तोवर आयकर म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचं काहीतरी असं मी धरून चाललो होतो, आणि इथे एक मॅट्रिक झालेली बाई तो तोंडी सोडवत होती.

वर्षाचा पगार ९६,०००. पगार लाखाच्या आत, म्हणून प्रमाणित वजावट २५,०००. उरले ७१,०००. पहिल्या ५०,००० वर काही नाही. पुढच्या दहा हजारांवर दहा टक्के, म्हणजे १,०००. त्यापुढच्या ११,००० वर वीस टक्के, म्हणजे २,२००. एकूण ३,२००. “इथवर तुझ्या साहेबाचं बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “आता सांग, पगारातून पीएफ कापतात ना? तो काय हवेत जातो?”

पीएफ महिन्याला ७२०, वर्षाचे ८,६४०. एलआयसीचा हप्ता महिन्याला ४००, वर्षाचे ४,८००. दोन्ही कलम ८८ मध्ये बसत होते. साहेबांनी ते धरले नव्हते, कारण मी कागद दिले नव्हते, आणि मी दिले नव्हते कारण ते द्यायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग काकूंनी तिसरी गोष्ट काढली. ती त्या जाणत्या सहकाऱ्यांनाही माहीत नव्हती. नोकरी लागल्यावर वडिलांनी दिलेल्या १०,००० ची मी आदल्या वर्षी फेब्रुवारीत काकूंकडूनच एनएससी घेतली होती. तिला वर्ष झालं होतं. ती घेतली तेव्हा एनएससीवर शंभराला पहिल्या वर्षी १२ रुपये ४० पैसे व्याज पडायचं आणि सहा वर्षांनी शंभराचे २०१ रुपये ५० पैसे व्हायचे. हे व्याज हातात येत नाही, त्यातच पुन्हा गुंतवलं गेलं असं कायदा मानतो. म्हणून माझे १,२४० रुपये व्याज उत्पन्नात दाखवायचे, कलम ८०एल खाली तिथून वजा करायचे आणि कलम ८८ खाली नवी गुंतवणूक म्हणून पुन्हा मांडायचे. एकाच रुपयाची तीन ठिकाणी हजेरी! काकूंना या व्याजाचं फार कौतुक. “लोक हे विसरतात रे,” त्या म्हणायच्या, आपलंच काही हरवल्यासारख्या.

८,६४० आणि ४,८०० आणि १,२४०. बेरीज १४,६८०. १६,००० ला कमी पडत होते १,३२०. त्याच्या वीस टक्के म्हणजे २६४.

“तुझा कर २६४ रुपये आहे,” काकूंनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. “त्याच्यासाठी १६,००० चं कर्ज काढणार? पतपेढी वर्षाला २,४०० व्याज घेणार. जानेवारीत दर उतरल्यावर एनएससी तुला १,९०० च्याही आत देणार, तेही सहा वर्षांनी. म्हणजे ५०० च्या वर घालवायचे आणि २६४ वाचवायचे. शहाणा आहेस.”

मी गप्प. मग त्यांनी डबा उघडला आणि एक हजाराची एक, पाचशेची एक अशा दोन एनएससींपुरता फॉर्म भरला. १,५०० रुपये मामीकडून उसने घेऊन दिले. सोळा हजारांच्या कमिशनवर पाणी सोडून त्या दीड हजाराचं घेऊन गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मार्चात मला बोलवायचं नाही. एप्रिलात बोलव.”

त्याच सहकाऱ्यांनी मला आणखी एक वाट दाखवली होती. मामाच्या नावानं घरभाड्याच्या पावत्या करायच्या, रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा, मामाची सही घ्यायची, की घरभाडे भत्ताही करातून सुटतो. मी काकूंना विचारलं. “मामा भाडं घेतात?” “नाही.” “मग पावती कशाची?” विषय संपला. पण मला ते लागलं असावं, कारण त्या महिन्यापासून मी मामीच्या हातात दरमहा ३०० रुपये ठेवू लागलो. पावती कधीच मागितली नाही. मामाला हे कित्येक महिने ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता एप्रिल. तीन तारीख, शनिवार. काकू मला घेऊन साताऱ्याच्या मुख्य पोस्टात गेल्या, पीपीएफचं खातं उघडायला. त्या वेळी त्यावर १२ टक्के व्याज होतं. काकूंचं म्हणणं असं की वर्षाची गुंतवणूक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात करणं म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर भात लावणं. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर धरतात. पाचच्या आत पैसे पडले तर तो महिना हाताला लागतो, सहाला पडले तर गेला. त्या वेळी वर्षाला बारा वेळा भरता यायचं, म्हणून त्यांचा सल्ला, दरमहा पाचशे भर. मी मान डोलावली. फॉर्म भरला. आणि मग लक्षात आलं की पगार सात तारखेला होतो. खिशात एसटीचे सुटे पैसे आणि वर तीसेक रुपये. मामीचे दीड हजार अजून फिटायचे होते.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठमोऱ्या होऊन ब्लाउजमधून बटवा काढला, पाचशेची नोट मोजल्यासारखी करून काउंटरवर सरकवली आणि म्हणाल्या, “आठ तारखेला परत. विसरलास तर गेटवर उभी राहीन.”

हे त्यांनी का केलं याचा हिशोब मी पुढे कितीदा केला. पाचशेवर एका महिन्याचं व्याज, शेकडा १२ ने, पाच रुपये. मला ते पाच रुपये मिळावेत म्हणून, घरी दोन पोरं असलेल्या त्या बाईनं आपले पाचशे पाच दिवस अडकवले.

आठला मी नोट परत केली. चहा पाजतो म्हणालो. “चहा नको. एप्रिलचं पाच रुपये व्याज माझं आहे, तेवढं लक्षात ठेव,” असं म्हणून त्या मशिन शॉपकडे वळल्या. ही थट्टा पुढे वर्षानुवर्षं चालली. दर एप्रिलात काकू विचारायच्या, “माझे पाच रुपये कुठे आहेत?” मी म्हणायचो, “पोस्टात आहेत, वाढतायत.” मेच्या हप्त्यापासून मात्र मी आदल्या पगारातून पाचशे बाजूला काढून ठेवू लागलो. पगार सातचा, भरायचं पाचच्या आत, म्हणजे पैसे हातात असताना चार आठवडे त्यांना शिवायचं नाही. पहिले काही महिने हे फार जड गेलं. मला विचाराल तर कर वाचवण्यापेक्षा हे शिकणं अवघड होतं.

वाढतायत म्हणालो खरा, पण व्याजाचा दर मात्र उतरत गेला. २००० च्या जानेवारीत ११, पुढच्या वर्षी साडेनऊ, मग ९, आणि २००३ च्या मार्चात ८. दर वेळी मी काकूंपुढे कुरकुरायचो, जणू दर त्यांनीच उतरवला. त्या ऐकून घ्यायच्या.

२००५ च्या अर्थसंकल्पात कलम ८८ गेलं. पगारदारांची प्रमाणित वजावटही गेली, आणि लाख रुपयांपर्यंतची गुंतवणूक थेट उत्पन्नातून वजा करणारं ८०सी आलं. आमच्याकडे सगळे खूश. काकू मात्र फुरंगटून बसल्या. मला कारण कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की कलम ८८ हे ‘आमच्या’ मधु दंडवत्यांनी आणलं होतं. दंडवते राजापूरचे खासदार, १९८९ च्या डिसेंबरात अर्थमंत्री झाले आणि पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात त्यांनी जुनी वजावट काढून ही करातली सूट आणली. काकूंच्या माहेरी घरातले सगळे त्यांचे मतदार. पण नुसत्या आपल्या खासदाराच्या प्रेमानं त्या रुसल्या नव्हत्या. पाठकोरा कागद पुन्हा निघाला. “उत्पन्नातून वजा केलं की ३० टक्के कर भरणाऱ्याचे दहा हजारांवर तीन हजार वाचतात आणि १० टक्केवाल्याचा एक हजार. बचत दोघांची सारखीच. मग गरिबाची बचत स्वस्त का? दंडवत्यांनी सगळ्यांना वीस टक्के केले होते. मोठा साहेब असो की तू.” त्यांना हे बहुतेक कुणा जुन्या कार्यकर्त्यानं समजावलं असावं, पण मांडलं त्यांनी स्वतःच्या शब्दांत. मधल्या काळात वेगवेगळ्या उत्पन्नाला वेगळे टक्के लावून त्या सवलतीचा सरळपणा आधीच मोडला होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते मोडीत काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दंडवते गेले. आठ तारखेला नाही, भलत्याच दिवशी काकू कारखान्यात आल्या, कुणाकडूनही हप्ता न घेता थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

आता माझी फजिती. २००८ चा मार्च. तोवर मी असिस्टंट झालो होतो, पगार वाढला होता, आणि काकूंच्या पिशवीची मला थोडी लाज वाटायला लागली होती. एक टाय लावलेला मुलगा आला, लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. विम्याचा विमा, शेअर बाजाराची वाढ, वर ८०सी. तीनच वर्षं भरायचं, म्हणाला. मी २०,००० चा चेक फाडला, काकूंना न विचारता. पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा निरनिराळ्या खर्चांखाली कापला गेला हे मला पहिलं विवरणपत्र आल्यावर कळलं, आणि उरलं ते त्या वर्षीच्या बाजारानं खाल्लं. बारीक टायपातलं ते पत्रक लपवून ठेवावं अशी इच्छा होती. पण काकूंना दाखवलंच. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं, दोन ठिकाणी बोट ठेवून “हे काय?” विचारलं. मला सांगता आलं नाही. “सही करताना विचारलं होतंस?” नाही. बस, एवढंच. मी ओरडा खायच्या तयारीनं गेलो होतो. तो मिळाला असता तर बरं झालं असतं. २०१० मध्ये नियामकांनी असल्या पॉलिसींच्या खर्चांवर मर्यादा आणली तेव्हा कात्रण मात्र त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

१ डिसेंबर २०११ पासून पीपीएफवरचं एजंटांचं कमिशन बंद झालं. एनएससीसारख्या योजनांवरचं एक टक्क्यावरून अर्ध्यावर आलं. आरडीचे चार टक्के तेवढे टिकले. म्हणजे माझं पीपीएफ भरण्यात काकूंना आता एक पैसाही मिळणार नव्हता. तरी जानेवारीत त्या माझी स्लिप भरून घेऊन आल्या. मी म्हणालो, काकू, कशाला, मी जाईन पोस्टात. त्या म्हणाल्या, “मी जातेच आहे. तू रजा टाकून जाणार, आणि मग सहा तारखेला जाणार.” यात माझ्याबद्दलचं अचूक मत होतं.

वडिलांच्या बायपासच्या वेळी याच खात्यातून काही रक्कम काढली. सातव्या वर्षापासून काढता येते हेही मला काकूंनीच सांगून ठेवलं होतं. रुग्णालयाच्या काउंटरवर उभा असताना पहिल्यांदाच मला वाटलं की कर हे केवळ निमित्त होतं. पण हे मी त्यांना कधी म्हणालो नाही. त्यांना असली वाक्यं आवडत नसत.

खातं, उघडलेलं वर्ष सोडून पंधरा वर्षं पूर्ण करून, २०१५ मध्ये पिकलं. तोवर काकू गुडघ्यांमुळे फिरायच्या थांबल्या होत्या आणि राजापूरला भावाकडे राहायला गेल्या होत्या. मी फोनवर सांगितलं की खातं सुरू ठेवतोय, भरत राहीन. पलीकडून आवाज चढला. “फॉर्म एच दिलास?” तो काय असतो? “पाच वर्षांची मुदतवाढ. वर्षाच्या आत फॉर्म द्यायचा. न देता भरत बसलास तर भरलेल्यावर व्याज नाही. जा आधी.” मी दुसऱ्याच दिवशी गेलो. काउंटरवरच्या मुलानं फॉर्म शोधायला पाऊण तास घेतला.

२०१६ च्या जुलैपासून एनएससीचे छापील कागद बंद झाले, नोंद पासबुकात येऊ लागली. हे ऐकून काकू म्हणाल्या, “बरं झालं, गुलाबी कागदाला आता झुरळं लागायची नाहीत.” रंग त्यांना आठवत होता की गंमत करत होत्या, कोण जाणे. २०१९ च्या पावसाळ्यात त्या राजापुरातच गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

आता आमच्याकडे मार्च येतो आणि जातो. २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच मूळ धरली जाते, आणि २०२५-२६ साठी पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच नाही. माझा पगार त्याच्या बराच आत आहे. नव्या प्रणालीत ८०सी नाही, त्यामुळे पुराव्यांची नोटीस लागत नाही, झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग नाही, पतपेढीकडे धाव नाही. १ एप्रिल २०२६ ही तर १९६१ चा कायदाच निवृत्त होण्याची तारीख. नव्या कायद्यात मागील वर्ष आणि आकारणी वर्ष हा जुना घोळही गेला, एकच कर वर्ष. काकूंना हे आवडलं असतं. त्या दोन वर्षांचा फरक समजावताना त्यांची निम्मी शक्ती जायची.

पण आमच्या स्टोअर्समधला नवा मुलगा, वय सव्वीसच, परवा मला म्हणाला, “सर, आता टॅक्स वाचतच नाही, मग पीपीएफ कशाला?” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यासाठी आठ तारखेला गेटवर कुणी उभं राहत नाही, एवढंच. मी त्याच्याकडून पगाराची स्लिप मागून घेतली आणि पाठकोरा कागद शोधला. हल्ली पाठकोरे कागदही मिळत नाहीत, शेवटी चलनाची कार्बन प्रत फाडून तिच्यामागे लिहिलं.

माझं खातं मी बंद केलेलं नाही. २०२० ला मुदत वाढवली, २०२५ ला पुन्हा वाढवली. दर गेली काही वर्षं ७.१ वर आहे. भरणा आता मोबाइलवरून, पण पाचच्या आत. आणि १९९९ च्या एप्रिलचे ते पाच रुपये, जे काकूंच्या पाचशेवर पडले होते, ते अजून त्यातच आहेत.